पाळीव प्राण्यांची आत्ययिक अवस्था : औषधालयात काय ओळखावे, काय टाळावे

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका सायंकाळी आमच्या औषधालयात शेजारच्या आळीतील एक वृद्ध बाई आल्या. आत रुग्णतपासणी चालू होती, बाहेर चार-पाच माणसे थांबलेली. काउंटरवरूनच त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, आमच्या बोक्याचं पोट साफ होत नाही हो. कालपासून वाळूत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि तसाच उठतो. काहीतरी सौम्य द्या." प्रस्तुत लेखकाने आतूनच सहायकास सांगितले, चिमूटभर त्रिफळा चूर्ण तुपातून द्या. बाई पुडी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा आल्या त्या बोका गेल्याचे सांगण्यासाठी. तक्रार करण्यासाठी नव्हे. उलट "तुमचं औषध पोटात जायला उशीरच झाला बहुतेक" असे त्या म्हणाल्या, आणि ते ऐकणे अधिक कठीण गेले. पुढे एका पशुवैद्यक मित्रास ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला : "त्याने शेवटची लघवी केव्हा केली होती, हे विचारलंत का?"

विचारले नव्हते. तो मलावरोध नव्हताच, मूत्राघात होता. माणसाच्या बाबतीत जो प्रश्न आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही चुकू देणार नाही, तो प्राण्याच्या बाबतीत सुचला नाही. कारण त्या बोक्याकडे आपण रुग्ण म्हणून पाहिलेच नव्हते, काउंटरवरील एक किरकोळ मागणी म्हणून पाहिले होते.

असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल, किंवा आला असूनही कळला नसेल. शहरात आणि तालुक्याच्या गावी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली आहे. पशुवैद्यक मात्र प्रत्येक आळीत नाही, आणि रात्री तर नाहीच. वैद्याचे औषधालय जवळ असते, उघडे असते आणि "आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही" हा विश्वास लोकांच्या मनात पक्का असतो. या विश्वासामुळेच आपली जबाबदारी वाढते.

प्रारंभीच मर्यादा स्पष्ट करणे इष्ट. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. आपल्याकडे पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद आहे, शालिहोत्रांची परंपरा आहे, जयदत्तांचे अश्ववैद्यक आहे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाई, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांच्या बस्तीचाही विचार केला आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या ग्रंथांचा रोख गजशाळा, अश्वशाळा आणि गोठा यांवर आहे, सदनिकेतील मांजराच्या मूत्रमार्गावर नाही. म्हणून या लेखाचा हेतू चिकित्सा शिकविण्याचा नसून, आत्ययिक अवस्था दोन मिनिटांत ओळखणे, अपाय होईल असे काही न देणे आणि प्राण्यास योग्य हाती वेळेत पोचविणे एवढाच आहे.

हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम अलर्कविष. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचे आणि जलत्रासाचे वर्णन केले असून जलत्रास उत्पन्न झाल्यावर रुग्ण वाचत नाही हेही नोंदविले आहे. आधुनिक अतिदक्षता विभागांनाही त्यात आजवर फारसा बदल करता आलेला नाही. तेव्हा लाळ गळणारा, जबडा लोंबणारा, गिळता न येणारा कुत्रा समोर आला आणि धनी "घशात हाड अडकलंय बहुतेक, जरा बघता का" असे म्हणाला, तर तोंडात हात घालू नये. हाड अडकलेला कुत्रा पंजाने तोंड खरवडतो, अस्वस्थपणे फिरतो; पिसाळलेला कुत्रा असे सहसा करीत नाही, परंतु हा भेद काउंटरवर बसून करावयाचा नाही. अलीकडे स्वभाव बदलला का, भटक्या कुत्र्याने किंवा मुंगसाने चावा घेतला होता का, लसीकरण केव्हा झाले, हे विचारावे आणि प्राण्यास वेगळे ठेवून पशुवैद्यकास कळवावे. लाळ अंगावरील जखमेस लागली वा ओरखडा उठला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी जावे. हळद, चुना, तिखट भरून दवडलेला वेळ परत मिळत नाही.

पिसाळलेला नसला तरी वेदनेने व्याकूळ झालेला प्राणी स्वतःच्या धन्यासही चावतो. कुत्र्याच्या तोंडाभोवती पट्टीच्या कापडाचा फास वरून घेऊन हनुवटीखाली फिरवावा आणि कानांमागे बांधावा. मात्र उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाक चपटे असेल तर तोंड बांधू नये. मांजरास जाड पंचात गुंडाळून झाकणाच्या टोपलीत ठेवणे सर्वांत उत्तम.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

त्रिविध परीक्षा येथेही तीच आहे, फक्त प्राकृत मापे वेगळी आहेत आणि ती माहीत नसल्यामुळेच घोटाळे होतात. निरोगी कुत्र्याचे गुदगत तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाईट असते, मांजराचेही जवळपास तेवढेच. म्हणजे आपल्या हातास प्राणी नेहमीच थोडा "तापलेला" लागतो, आणि नाक कोरडे व गरम म्हणजे ताप या समजुतीस फारसा अर्थ नाही. १०४ च्या वर काळजीचे, १०६ च्या आसपास प्राणघातक. उलट ९९ च्या खाली गेलेले मांजर हे तापलेल्या मांजराहून अधिक गंभीर समजावे.

विश्रांतीच्या वेळी श्वास मिनिटास ३० च्या आत असावेत. हृदयगती मोठ्या कुत्र्यात ६० ते १००, लहान जातींत १४० पर्यंत, मांजरात १४० ते २२०. नाडी मागच्या मांडीच्या आतील बाजूस, जांघेजवळ लागते. ज्यांचा नाडीपरीक्षेचा हात आहे त्यांना ती सापडण्यास अडचण पडत नाही. दोषविचार मात्र तेथे करू नये. लागते की नाही, भरीव की तंतूसारखी, एवढेच पाहावे.

सर्वांत अधिक सांगतात त्या हिरड्या. वरचा ओठ उचलून पाहावे. गुलाबी आणि ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. पांढऱ्याफटक हिरड्या म्हणजे रक्तस्राव, आघातजन्य अवसाद किंवा गोचिडांमुळे होणारा रक्तक्षय; निळसर म्हणजे प्राणवायूचा अभाव; विटेसारख्या लाल म्हणजे उष्माघात वा रक्तदुष्टी; पिवळ्या म्हणजे यकृत किंवा रक्तकणांचा नाश; आणि मांजराच्या हिरड्या चॉकलेटसारख्या तपकिरी दिसल्या तर घरात कोणी तापाची गोळी दिली का, हे लगेच विचारावे. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून पाहावी.

श्वासाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते त्याचे घाम येणेच आहे. मांजर तसे करीत नाही. तोंड उघडून श्वास घेणारे, कोपरे बाजूस फाकून मान पुढे ताणून बसलेले मांजर ही तत्काळ पाठविण्याची अवस्था होय. त्यास आडवे करू नये, धरून ठेवू नये, तोंडात काही घालू नये.

बोक्याचा मूत्राघात

लेखाच्या आरंभी सांगितलेल्या अवस्थेवर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण ही अवस्था आपल्याच दारात येते आणि आपल्याच औषधांनी बिघडते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अत्यंत अरुंद असतो. वाळूसारखे स्फटिक व श्लेष्मल द्रव्य यांचा खडा तेथे अडकतो. घरातच राहणारे, वजन वाढलेले, कोरड्या दाणेदार अन्नावर असणारे आणि पाणी कमी पिणारे बोके त्यास अधिक बळी पडतात. भाटीत मूत्रमार्ग रुंद असल्याने संपूर्ण अवरोध क्वचित होतो.

बोका वारंवार वाळूच्या घमेल्यात जातो, पाठ वाकवून कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो. पाहणाऱ्यास हे मलावरोधासारखेच दिसते. मूत्र बाहेर पडत नसल्याने रक्तातील पोटॅशियम वाढते, हृदयाची गती मंदावते, उलट्या सुरू होतात, अंग थंड पडते आणि एक ते दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, प्राणी दगावतो. शेवटच्या टप्प्यात तो शांत पडून राहतो, आणि घरची माणसे "आता जरा आराम पडला" असे समजतात.

ओटीपोटावर हलका हात फिरविला तर मोठ्या लिंबाएवढा किंवा संत्र्याएवढा घट्ट गोळा लागतो. तो दाबू नये. मूत्राशय फुटण्याचा धोका असतो. येथे त्रिफळा, एरंडेल, इसबगोल यांचा काही उपयोग नाही. आणि गोक्षुर, पुनर्नवा, वरुण, चंद्रप्रभा ही आपल्या हातास सहज येणारी मूत्रल द्रव्ये तर अधिक घातक, कारण बाहेर जाण्याचा मार्ग बंद असताना ती आत भर घालतात. नळी घालून मार्ग मोकळा करणे आणि शिरेतून द्रव देणे हाच उपाय, आणि तो पशुवैद्यकाकडेच. पुनरावृत्ती टाळण्यासाठी आहार, पाणी यांविषयी पुढे बोलता येईल. त्या घटकेस फक्त पाठवावयाचे. आमच्याकडे आता नियम असा की, बोक्यास "पोट साफ होत नाही" असे कोणी म्हणाले की पुडी बांधण्यापूर्वी शेवटची लघवी केव्हा झाली हे विचारावयाचे. उत्तर "माहीत नाही" असे आले तरी झाली नाही असेच धरून चालावयाचे.

आपल्याच कपाटातील विषे

विषबाधा म्हटली की आपणास उंदराचे औषध आठवते. परंतु पाळीव प्राण्यांच्या विषबाधेचे मोठे कारण म्हणजे प्रेमाने दिलेले माणसाचे औषध. मांजराच्या यकृतात पॅरासिटामोल निकामी करणारी ग्लुकुरोनाइडीकरणाची यंत्रणा अत्यंत दुबळी असते. दर किलो वजनास १० मि.ग्रॅ. इतक्या अल्प मात्रेतही विषबाधा झाल्याचे आढळले आहे. ४ किलोच्या मांजरास ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी म्हणजे दर किलोस १२५ मि.ग्रॅ. काही तासांत तोंड व पंजे सुजतात, हिरड्या तपकिरी होतात, श्वास लागतो. वेळेत पोचल्यास अॅसिटिलसिस्टीन या प्रतिविषाने वाचण्याची शक्यता असते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांत आमाशयव्रण व वृक्कघात करतात. डायक्लोफिनॅकची कथा औषध विक्रेत्यांना ठाऊक आहेच : गुरांना टोचलेल्या या औषधामुळे मृत गुरे खाणारी गिधाडे नामशेष होऊ लागली आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसास हितकर ते सर्व प्राणिमात्रास हितकर, असे नसते.

हा न्याय आपल्या औषधांनाही लागू आहे, आणि येथे थोडे कठोर बोलावे लागेल. द्राक्षे व मनुका काही कुत्र्यांत तीव्र वृक्कघात करतात. कोणता कुत्रा वाचेल व कोणता नाही हे आधी सांगता येत नाही. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मांडले, आणि चिंचेतही तेच आम्ल असल्याने तिच्याकडेही संशयाने पाहिले जाते. तेव्हा द्राक्षासव, द्राक्षारिष्ट, मनुकायुक्त अवलेह "शक्तीसाठी" कुत्र्यास देऊ नयेत. चरकोक्त च्यवनप्राशातही मृद्वीका आहेच. शिवाय सर्व आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. दोन किलोच्या पिल्लास दोन चमचे कुटजारिष्ट पाजणे म्हणजे काय, याचा हिशेब वजनाच्या प्रमाणात प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

लसूण व कांदा कुत्र्यात आणि त्याहून अधिक मांजरात रक्तकणांचा नाश करतात. म्हणून लशुनादि वटी पोटफुगीसाठी देऊ नये. गंधपुरा तेल, निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचे सत्त्व असलेले मलम मांजराच्या अंगास लावले की ते चाटून पोटात जाते, आणि ती द्रव्ये पचविण्याची तिची क्षमता तोकडी असते. वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्ती वा आनंदभैरव यांची गोळी "अर्धी करून" देणाऱ्यांनी प्राण्याचे वजन आठवावे. आणि कुचला, म्हणजे आपला काजरा : एकेकाळी नगरपालिका भटकी कुत्री मारण्यासाठी याच बीजातील स्ट्रिक्निन वापरीत असत. विषतिंदुक वटीची बाटली खाली पडून कुत्र्याने ती फोडली, तर लक्षणांची वाट न पाहता निघावे. औषधे व प्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेली औषधे पशूसाठी काउंटरवरून देऊ नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. शर्कराविरहित पाक व चघळण्याच्या गोळ्या यांच्या वेष्टनावर झायलिटॉल लिहिले आहे का तेही पाहावे. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासात कोसळू शकते.

बागेत खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड कुत्री चवीने खातात. एरंडेल निर्विष असते, पेंडीत रिसिन असू शकते. उलट्या, रक्तमिश्रित अतिसार एक-दोन दिवसांनीही सुरू होतात.

उंदरांच्या औषधांत दोन प्रकार वेगळे ओळखावेत. झिंक फॉस्फाईडमुळे आमाशयात विषारी वायू तयार होतो. लक्षणे तासाभरात येऊ शकतात, आणि उलटीतून निघणारा तो वायू माणसासही घातक असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या विषात मात्र पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही आणि मग नाकातून, हिरड्यांतून, छातीत रक्तस्राव होतो. त्यावर जीवनसत्त्व के-१ हे खात्रीचे प्रतिविष आहे. म्हणून "खाल्लं, पण ठणठणीत आहे" असे सांगणाऱ्यासही त्याच दिवशी पाठवावे. गोचिडांसाठीचे कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजरास लावल्यास तीव्र कंप व आक्षेप येतात. फवारणीच्या औषधाची बाधा झालेल्या प्राण्यास लाळ, अश्रू, जुलाब, कंप आणि टाचणीएवढ्या बाहुल्या ही लक्षणे दिसतात. कातडीवर सांडलेले विष हातमोजे घालून साबणपाण्याने धुवावे.

आता वमनाचा प्रश्न. मीठपाणी पाजून उलटी करविण्याची आपल्याकडील रीत प्राण्यांत वापरू नये. उलटी झाली नाही तर ते मीठच रक्तात जाऊन मेंदूस अपाय करते. रॉकेल, अॅसिड, फिनेल पोटात गेले असता किंवा प्राणी गुंगीत वा आक्षेपात असता वमन सर्वथा वर्ज्य. विषचिकित्सेतील हृदयावरण उपक्रमाची आठवण ठेवून तूप पाजण्याचा मोह अनेकांना होतो. शुद्धीवर असलेल्या मनुष्याने तूप पिणे वेगळे, आणि अर्धवट शुद्धीतील कुत्र्याचे तोंड वर करून वाटीने तूप ओतणे वेगळे. ते फुप्फुसात जाते. गोठ्यात नळीने तेल पाजून न्यूमोनिया झालेली गुरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे अधिक सांगावयास नको. शिवाय काही विषे स्निग्ध पदार्थांत अधिक वेगाने शोषली जातात. म्हणून काही पाजू नये. विषाचे वेष्टन, उरलेल्या गोळ्या, उलटीचा नमुना सोबत द्यावा.

आणखी काही अवस्था, ज्यांना आपण भलतेच नाव देतो

आध्मान : जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेनसारखा खोल छातीचा मोठा कुत्रा जेवणानंतर अस्वस्थ होतो, पोट नगाऱ्यासारखे फुगते, ओकाऱ्या काढतो पण फेसाखेरीज काही पडत नाही. आमाशयास पीळ पडलेला असतो. हिंग्वाष्टक मागण्यास आलेल्या धन्यास तेथून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे. येथे हिशेब तासांचा आहे.

प्रदर : निर्बीजीकरण न झालेली मध्यम वयाची कुत्री, माज येऊन गेल्यास महिना-दोन महिने झालेले, पाणी फार पिते, खात नाही, उलट्या करते आणि योनीतून घाण स्राव येतो. अशोकारिष्टाची मागणी होते. तो श्वेतप्रदर नसून गर्भाशयात साठलेला पू असतो. स्राव दिसत नसेल आणि पोट वाढत असेल तर अधिक वाईट, कारण तोंड बंद असते. बहुतेक वेळा गर्भाशय काढावा लागतो.

पक्षाघात : मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे पडले, पंजे थंड व निळसर आहेत आणि ते वेदनेने किंचाळत आहे, तर महाधमनीत गुठळी अडकली असण्याची शक्यता फार. नारायण तेलाचे मर्दन करू नये. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय गेले तर मणक्याची चकती सरकलेली असते. त्यास फळीवर आडवे ठेवून न्यावे.

बाळंत कुत्रीचा कंप : लहान जातीची, बरीच पिल्ले पाजणारी कुत्री विण्यानंतर दोन-चार आठवड्यांत थरथरू लागते, पाय ताठ होतात, ताप १०५ च्या वर जातो. कॅल्शियम कमी झालेले असते. प्रवाळ, शंख, कपर्दिक ही भस्मे त्या घटकेस उपयोगी नाहीत. शिरेतून सावकाश, हृदयगतीवर लक्ष ठेवून कॅल्शियम द्यावे लागते. पिल्ले तेवढी लगेच बाजूला काढावीत. प्रसूतीसमयी अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू न येणे, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव येणे, हेही न थांबता नेण्याचे कारण आहे.

रक्तातिसार : लस न घेतलेले दीड ते सहा महिन्यांचे पिल्लू, उलट्या आणि दुर्गंधी रक्तमिश्रित जुलाब, म्हणजे पार्व्हो विषाणू असे धरून चालावे. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आपल्याकडेही दर हंगामात पिल्लांचे बळी घेतो. शिरेतून द्रव मिळाल्यास बरीच पिल्ले वाचतात. घरी अतिसारघ्न चूर्णे देत बसल्यास बहुतेक जातात.

आक्षेप आला असता तोंडात हात, चमचा, चप्पल, कांदा काही घालू नये. अंधार करून आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक काळ किंवा एका दिवसात एकाहून अधिक झटके आल्यास तातडी. गळून गेलेल्या लहान पिल्लाच्या हिरड्यांना मध चोळण्यास हरकत नाही, आपल्या मधाचा हा एक निर्धोक उपयोग.

उष्माघातात मात्र उलट क्रम : आधी थंड करावे, मग न्यावे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात, उभ्या गाडीत, पत्र्याच्या खोलीत, विशेषतः पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींत हा प्रकार घडतो. सावलीत आणून सर्वांगावर साधे पाणी ओतत पंखा लावावा, ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये, आणि ताप १०३.५ पर्यंत उतरला की ओतणे थांबवावे. चंदनाचा लेप किंवा कांद्याचा रस यांत वेळ घालवू नये. कांद्याविषयी वर सांगितलेच आहे.

सर्पदंश कुत्र्यास बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस व फुरसे यांत सूज आणि रक्तस्राव, नाग व मण्यार यांत पापण्या पडणे, लुळेपणा, श्वास मंदावणे. आवळून बांधू नये, चिरा देऊ नयेत, चालवू नये. माणसासाठीचेच बहुसर्पविषरोधी औषध प्राण्यासही चालते.

औषधालयातील व्यवस्था

आम्ही सहायकास चार प्रश्न पाठ करविले आहेत : प्राणी कोणता, नर की मादी, वय-वजन किती, केव्हापासून, शेवटचे खाणे, लघवी व मल केव्हा, आणि आतापर्यंत घरी काय दिले. चौथ्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळते, कारण सांगण्यास संकोच वाटतो. तो प्रश्न दरडावून विचारू नये.

काउंटरच्या आतील बाजूस जवळच्या दोन पशुवैद्यकांचे व रात्री उपलब्ध असणाऱ्या एकाचे क्रमांक, शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक लिहून ठेवावा. मुंबईत परळचे बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय, तसेच मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये ज्यांना जवळ आहेत त्यांनी तेथील प्रवेशाची पद्धत एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून यावी. एक वेगळा तापमापक, पट्टीचे कापड, जाड पंचा, हातमोजे आणि झाकणाचे खोके, एवढे साहित्य पुरते.

पाठविताना दूरध्वनी करून पशुवैद्यकास अवस्था सांगावी, आणि चिठ्ठीवर वेळ, तापमान, हिरड्यांचा रंग व आपण काय दिले वा काहीच दिले नाही हे लिहावे. बाहेर रिक्षा उभी करविण्याचे काम सहायकाने करावे. घाबरलेला धनी प्राण्यास हातात धरून रस्त्यावर रिक्षा शोधत बसतो, आणि रिक्षावाले बऱ्याचदा नाही म्हणतात. आमच्या चौकातील दोन रिक्षावाल्यांशी आम्ही आधीच बोलून ठेवले आहे. त्यांच्या गाडीत टाकण्यासाठी एक जुनी ताडपत्री काउंटरखाली असते.